हाड जुळलं, पण पाय?

(आश्रयदात्यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या फिजिओथेरपिस्ट भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलंय की आकडे वाचून दाखवू नका, ते छापील अहवालात आहेतच. बरं झालं. त्या अहवालात ‘पायाच्या हाडाच्या शस्त्रक्रिया’ असा एक रकाना आहे आणि त्या रकान्याबद्दलच मला बोलायचं आहे. तिथला आकडा खोटा नाही. पण तो ऑपरेशनच्या टेबलावरून खाली उतरलेल्या माणसांचा आकडा आहे. त्यांतली किती माणसं वर्षभरानं आपल्या शेतात उभी होती, हे त्या रकान्यात कुठेच येत नाही.

मी शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. पाड्यांवरची माणसं मला ‘पाय वाकवणारी बाई’ म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणतात असं समजू नका.

एका दादांची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही. सातपुड्यातले, पावरा समाजातले, वय चाळिशीच्या आसपास. धडगावकडची माणसं इथे बसली असतील तर त्यांना ठाऊक आहे, एप्रिल-मे म्हणजे आमचूरचे दिवस. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापून उन्हात वाळवायच्या. दादा कैऱ्या उतरवताना फांदीसकट खाली आले. डाव्या पायाची नडगी मोडली. पहिले चार दिवस गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या बांधून ठेवल्या, मग जीपनं आमच्याकडे. नडगीच्या हाडात रॉड घातला, वर-खाली स्क्रू. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना वॉकरवर उभं केलं. आठव्या दिवशी ते घरी गेले.

सहा आठवड्यांनी आले. एक्स-रे छान. “कसं आहे दादा?” “बरं आहे.” पाच महिन्यांनी पुन्हा आले. हाड जुळलेलं. काठी टेकत आले होते, ते आम्ही पाहिलं, पण एक्स-रे इतका सुंदर होता की काठीकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. “हाड जुळलंय, आता काही नाही, कामाला लागा,” असं सांगून आम्ही त्यांचा केसपेपर बंद केला. अहवालाच्या रकान्यात एक आकडा वाढला.

दोन वर्षांनी मला ते आठवडे बाजारात भेटले. हातात तीच काठी. गुडघ्याखाली डाम दिल्याच्या तीन खुणा. मी विचारलं, “दादा, अजून काठी?” ते म्हणाले, “तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, पायावर भार द्यायचा नाही.”

मला तिथेच बसावंसं वाटलं. सांगितलं होतं हे खरं. घरी जाताना कोणीतरी, कदाचित मीच, म्हणाले असेन की नीट बरं होईपर्यंत सगळा भार देऊ नका. ‘नीट बरं’ म्हणजे कधी, हे सांगायचं राहिलं. दादांची समजूत अशी होती, की आतला लोखंडी रॉड भार दिला की वाकेल. आणि पाय दुखत तर होताच. दुखतंय म्हणजे रॉड वाकतोय. म्हणून भार नाही. भार नाही म्हणून मांडीचे आणि पोटरीचे स्नायू वाळले, घोटा आखडला, आणि मग उभं राहिलं की जास्तच दुखायला लागलं.

यातली खरी किंमत पायानं मोजलीच नाही. पावसाळ्यात घरात काही नव्हतं म्हणून दादांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जायचं, तोवर पाय बरा होईल या भरवशावर. पाय झाला नाही. उचल फेडायला बायको गेली, आणि कोयता एकटीनं चालत नाही म्हणून सोबत मोठी मुलगी गेली. ती आश्रमशाळेत आठवीत होती. परत शाळेत गेली नाही.

त्या बाजाराच्या दिवसापासून मी एकच प्रश्न घेऊन बसले. आम्हाला हे आधी कळलं असतं का? ज्या दिवशी ते सहा आठवड्यांनी “बरं आहे” म्हणाले, त्या दिवशी?

याचं उत्तर बरंचसं ‘हो’ असं आहे, आणि जगात इतर ठिकाणी लोकांनी ते शोधून ठेवलं आहे.

अमेरिकेत ८ मोठ्या अपघात रुग्णालयांनी मिळून एक अभ्यास केला. १९९४ ते १९९७ या काळात ज्यांचे पाय इतके चिरडले होते की कापावे की वाचवावे असा प्रश्न होता, अशी माणसं त्यांनी घेतली. दोन वर्षांनी ५६९ जणांचा हिशेब मांडला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ऐकणाऱ्याला वाटेल की ज्यांचा पाय वाचला ते पुढे असतील. तसं काही निघालं नाही. पाय कापलेले आणि पाय वाचवलेले, दोघांचं रोजचं जगणं दोन वर्षांनी जवळजवळ सारखंच होतं. फरक पडत होता तो दुसऱ्याच गोष्टींनी. गरिबी, कमी शिक्षण, घरी आधाराला माणूस नसणं, धूम्रपान, काही बिघडून पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागणं, आणि ‘माझ्यानं हे होईल’ हा स्वतःवरचा भरवसा नसणं. हे वाचताना मला अमेरिका दिसतच नव्हती, आमची ओपीडी दिसत होती.

त्याच माणसांतल्या बऱ्याच जणांना सात वर्षांनी पुन्हा विचारलं. अजिबात दुखत नाही असं सांगणारे चारांत एकही पुरते भरले नाहीत. कोणाचं जास्त दुखत राहिलं? ज्यांना तिसऱ्या महिन्यात जास्त दुखत होतं, झोप लागत नव्हती, मन खचलेलं किंवा घाबरलेलं होतं, ज्यांना कामावर परत जाता येईल असं वाटत नव्हतं, आणि जे अपघाताआधी फार पीत होते. याच्या उलट, पहिल्या तीन महिन्यांत ज्यांना दुखण्यावर चांगलं जोरदार औषध मिळालं होतं, त्यांचं सात वर्षांनीही कमी दुखत होतं. ही जखम आमच्या नेहमीच्या रुग्णांपेक्षा फार मोठी होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी या शेवटच्या गोष्टीवर मी जरा थांबते.

आपल्याकडे पाहुणे येतात, वॉर्डात फेरी मारतात आणि म्हणतात, “आदिवासी किती सोशिक असतात, एवढं ऑपरेशन झालं तरी हूं की चूं नाही.” ते प्रेमानं म्हणतात, मला माहीत आहे. पण आमच्या वॉर्डात या कौतुकानं नुकसान केलंय. न ओरडणाऱ्या माणसाला गोळी उशिरा मिळते. रात्री दोन वाजता कळ येते तेव्हा आमची बाई नर्सला उठवत नाही, कारण नर्स दमलेली असेल असं तिला वाटतं. तिला दुखत नसतं असं नाही. आता दर पाळीला नर्सनं स्वतः जाऊन विचारायचं, आणि ‘दुखतंय का’ असं नाही, तर ‘किती दुखतंय’ असं विचारायचं, असा आम्ही नियम केलाय.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांचा. त्यांनी खास नडगीच्या हाडासाठी एक प्रश्नावली तयार केली, २०१२ साली प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी ती भरून घ्यायची. शरीरात कुठे काय होतंय याची धास्ती किती, थकवा किती, हे आपल्याला निभावता येईल असं वाटतं का, पुढे चांगलं होईल अशी आशा आहे का, अशा तऱ्हेचे प्रश्न. वर्षभरानं पाय किती कामाला येईल याचा अंदाज या उत्तरांवरून जितका आला, तितका वय, धूम्रपान किंवा हाड कसं मोडलं होतं यावरूनही आला नाही.

याच विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक काम केलं, ते आपल्या कामाचं आहे. गेल्या वर्षी एका बंधूंनी आम्हाला हाड लवकर जुळवणारं ध्वनिलहरींचं यंत्र भेट द्यायची तयारी दाखवली होती. मोठ्या मनानं. मी त्यांना नको म्हटलं आणि ते थोडे नाराज झाले. ते आज इथे असतील तर त्यांना कारण सांगते. त्या यंत्राची परीक्षा ५०१ नडगी मोडलेल्या रुग्णांवर झाली, निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना तसंच दिसणारं पण बंद. २०१६ साली निकाल आला. माणसं कामावर कधी परतली, पाय किती चालला, हाड कधी जुळलं, कशातच फरक नव्हता. यंत्रापेक्षा सहाव्या आठवड्याला शांतपणे बसून विचारलेले चार प्रश्न उपयोगी, असं माझं मत झालंय. तेवढ्यासाठी मात्र पावरी बोलणारी एक ताई लागते, एक बाकडं लागतं आणि अर्धा तास लागतो.

कोणी म्हणेल, म्हणजे दुखणं मनाचंच म्हणायचं. नाही. कृपा करून हे वाक्य कोणत्याही रुग्णाला कधी म्हणू नका. पाड्यावरचं कुत्रं तुम्ही पाहिलं असेल. एकदा रात्री बिबट्या येऊन शेळी उचलून नेतो. त्यानंतर ते कुत्रं पान पडलं तरी भुंकतं. बिबट्या नसतो, पण कुत्रं काही नाटक करत नसतं. मोठ्या जखमेनंतर अंगातल्या नसांचं आणि मेंदूचं असंच होतं. जखम भरते, राखण मात्र तशीच जागी राहते. झोप नाही, पोटाला नीट नाही, डोक्यावर उचल आहे, पाय पुन्हा मोडेल ही भीती आहे, तर ती आणखी जागी राहते. म्हणून दुखणं खरंच असतं. ते एक्स-रेमध्ये दिसत नाही, एवढंच.

आणि काही दुखणी तर सरळसरळ पायातलीच असतात. नडगीत रॉड घालताना तो गुडघ्याच्या वाटीच्या खालून, पुढच्या बाजूनं आत जातो. त्यानंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणं राहतं, आणि ते इतकं सामान्य आहे की अनेक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांनी ते सांगितलंय. खुर्चीवर बसणाऱ्याला फारसं कळत नाही. गुडघे टेकले की कळतं. आमच्या एक मावशी रविवारी उपासनेत प्रार्थनेला गुडघे टेकायच्या थांबल्या, आणि लोक काय म्हणतील म्हणून उपासनेलाच यायच्या थांबल्या. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं, की असं दुखतं, त्यानं हाडाला काही होत नाही, बसून प्रार्थना केली तरी चालेल, तर एवढं झालंच नसतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते. सहाव्या आठवड्याला एक्स-रे काढतोच. त्यानंतर आमची ताई रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला घेऊन बाहेर चिंचेखाली बसते. रात्री झोप लागते का? सगळ्यात जास्त कधी दुखतं आणि तेव्हा काय करता? आत काय बसवलंय असं तुम्हाला वाटतं? हा तिसरा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत नाही, तो दादांनी शिकवला. एकानं सांगितलं, आत घातलेला खिळा गंजत असेल. एका बाईला वाटत होतं की रॉड पुढे वर सरकत पोटात जाईल. मग पुढे विचारतो, पाणी कोण आणतं, घरी किती माणसं आहेत, उचल घेतलीय का, दिवाळीनंतर कुठे जायचं ठरलंय, तुम्हाला जाता येईल असं वाटतं का? विडी, तंबाखू, दारू हेही विचारतो, पण शेवटी. आधी विचारलं तर माणूस मिटतो.

ज्यांची उत्तरं काळजीची येतात त्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावतो. पायात बसवतात तसला एक रॉड हातात देतो, वाकवून दाखवा म्हणतो. नाही वाकत. मग मी म्हणते, आता उभे राहा. आज पाच मिनिटं, उद्या सहा. दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखत राहिलं तर थोडं कमी करा. यात मोठं शास्त्र नाही, पण कोणीतरी हे तोंडानं सांगावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे, कारण आम्ही त्यात पडता पडता वाचलो. प्रश्न विचारायची सवय लागल्यावर सगळंच भीतीचं दुखणं वाटायला लागतं. एक तरुण मुलगी आली, मोटरसायकलवरून पडलेली. घाबरलेली, रडवेली, पाय टेकायला तयार नाही. मला वाटलं, हिला धीर द्यायला हवा. आमच्या ताईनं पट्टी सोडायला लावली. घोट्याच्या वर एक बारीक छिद्र, त्यातून पाणी येत होतं. आत पू होता. म्हणून क्रम पक्का केलाय: आधी जखम, ताप, एक्स-रे, आणि भार दिल्यावर नेमकं मोडलेल्या जागीच दुखतंय का ते बघायचं. हाड जुळलं नसेल किंवा आत जंतू असतील तर धीर देऊन काय होणार? तपासणी आधी, चिंचेखालचं बाकडं नंतर.

आणि अंदाज म्हणजे निकाल नव्हे. एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. सगळी उत्तरं काळजीची. एकट्या राहणाऱ्या, झोप नाही, विडी दिवसाला बंडलभर. मी मनात त्यांना ‘अवघड’ म्हणून टाकलं होतं. चौथ्या महिन्यात त्या दोन शेळ्या हाकत दवाखान्याच्या आवारात आल्या, कारण शेळ्या घरी कोणाकडे सोडायच्या? अंदाज आम्ही बांधतो तो कोणाला जास्त वेळ द्यायचा हे ठरवायला. कोणाच्या कपाळावर काही लिहायला नाही.

पाय बरा झाला की नाही हे ओळखायची माझी सगळ्यांत आवडती रीत आमची नाही. अमेरिकेत ‘साइन’ नावाची संस्था आहे, डॉ. लुईस झर्कल यांनी १९९९ साली सुरू केलेली. गरीब देशांतल्या रुग्णालयांना ती हाडात घालायचे रॉड मोफत पुरवते, आणि ते रॉड अशा बनावटीचे असतात की ऑपरेशन चालू असताना एक्स-रेचं महागडं यंत्र नसलं तरी बसवता येतात. त्यांच्या सर्जनांनी पुढची तपासणी सोपी केली. रुग्णाला म्हणायचं, उकिडवं बसा आणि हसा. फोटो काढायचा. मुख्यतः मांडीच्या हाडासाठी ते हे वापरतात. पूर्ण खाली बसता आलं, आधार घ्यावा लागला नाही आणि चेहऱ्यावर हसू आहे, तर पाय बहुतेक ठीक आहे. एक्स-रेला पैसे नसलेल्या ठिकाणी हे फार मोलाचं आहे. आणि आमच्या माणसाचं निम्मं आयुष्य उकिडवं जातं: चूल, निंदणी, परसाकडे जाणं, पंचायतीत बसणं, सगळं उकिडवंच. खुर्चीत गुडघा ९० अंशात वाकला की शहरातला माणूस घरी जायला मोकळा होतो. आमचा नाही.

आता पैशाचं. तुम्ही देता त्या मदतीतून शस्त्रक्रियेचा बराच भार उचलला जातो आणि काही रुग्णांना सरकारी योजनेचाही आधार मिळतो. सहाव्या आठवड्याचं एस.टी.चं आणि जीपचं भाडं मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी बसत नाही. माणूस येत नाही, आणि आम्ही समजतो की बरा झाला असेल. मी यंत्र नको म्हटलं त्या बंधूंनी नंतर ते पैसे या भाड्यासाठी दिले, हे त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, पण मी सांगून टाकलं.

दादांचं सांगायचं राहिलं. बाजारात भेटले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी त्यांना बोलावून घेतलं. जंतू नव्हते, हाड पक्कं होतं. रॉड हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी वाकवून बघितला, मग गुडघ्यावर ठेवून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तेव्हा दाखवायचं होतं.”

त्याला आता सात महिने झाले. काठी सुटली, ती शेतावर जाताना लागते. दुखणं गेलेलं नाही, रात्री दुखतं म्हणतात, पण आता दुखलं की उठून अंगणात चालतात. उकिडवं बसायला दाराची चौकट धरावी लागते. तो फोटो मी अजून काढलेला नाही. मुलीबद्दल आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणं चालू आहे, ती आता सोळा वर्षांची आहे आणि तिला स्वतःला काय हवंय हे आधी तिला विचारायचं आहे. पुढच्या गुरुवारी मी तिकडे जाणार आहे.